अकरावा डोस

दहा डोसांच्या व्हायलमधून अकरावा डोस काढता येतो, हे आमच्या तालुक्यात पहिल्यांदा मी करून दाखवलं. ही फुशारकी आहे, पण ती मारायचा हक्क मला तेव्हा होता. एकवीस साल होतं. मी चोवीस वर्षांची, नर्स म्हणून लागून सात महिने झालेले, आणि शाळेच्या पटांगणात लसीसाठी सकाळपासून ही मोठी रांग. लसीच्या त्या छोट्या बाटलीत, म्हणजे व्हायलमध्ये, सांडलवंड होणार हे धरून थोडं औषध जास्तीचं भरलेलं असायचं. माझा हात हलका. सुई तिरकी धरायची, हवा आधी बाहेर काढायची, मग सावकाश ओढायचं. दहा जणांना पूर्ण डोस देऊनही अकराव्यापुरतं उरायचं. मग रांगेतून हिरमुसून परत निघालेल्या एखाद्या आजोबांना मी हाक मारून बोलावून घ्यायची. जिल्ह्याच्या साहेबांनी एका भाषणात माझं नाव घेतलं, "या सिस्टरकडून शिका" म्हणाले. त्या एका वाक्यावर मी बावीस वर्षं जगले, खोटं कशाला बोलू.

मी विजयमाला जमदाडे. गावाला मी माला सिस्टर. चिंचमळा हे आमचं गाव तासगावकडच्या द्राक्षपट्ट्यात आहे, आणि गावात द्राक्षापेक्षा बेदाणा जास्त. मला शिकवलं, नर्स केलं ते माझ्या थोरल्या बहिणीने, शालनअक्काने. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि अक्का अठराची. तिचं लग्न ठरलेलं होतं. "माला जरा मोठी होऊ दे, मग बघू," म्हणाली. ते बघणं राहूनच गेलं. ती बेदाण्याच्या शेडमध्ये निवडणीला बसायला लागली आणि चाळीस वर्षं बसलीच. बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. ती धुरी छातीत साठून साठून अक्काला कायमचा खोकला लागला. तिला मूलबाळ नाही, मीच तिचं मूल.

शेडमध्ये अशा अकरा बायका होत्या. काड्या आणि काळे मणी निवडायला आता मशीन आहे, पण मशीनच्या नजरेतून सुटलेली काडी शेवटी बायकांच्याच बोटांना सापडते. बंद खोली, लांबलचक टेबल आणि त्याच अकरा जणी. सगळ्यांत वडील हौसाकाकू, वय सहासष्ट, ती मुकादम. तिच्या शेजारी रुक्साना मुल्ला, तिची जीभ म्हणजे कात्री. तिच्या शेजारी अक्का. एकीला सर्दी झाली की आठवड्याभरात अकराही नाकं गळायची. पुढे जे घडलं ते या सर्दीमुळेच घडलं, म्हणून ती सांगितली.

विषाणू गेला नव्हताच. वर्षातून दोनदा तो नवीन रूप घेऊन यायचा आणि आम्ही वर्षातून दोनदा बूस्टर टोचायचो. गोम अशी, की बूस्टर शरीराला नवं काही शिकवत नाही, जुनं आठवून देतो. आणि जुनी आठवण प्रत्येकाची वेगळी. कोणाला आधी ताप येऊन गेला, मग लस मिळाली. कोणाला लस आधी, मग तीनदा लागण. त्यामुळे एकच बूस्टर एकाच्या अंगात ऐंशी टक्के काम करायचा आणि दुसऱ्याच्या अंगात वीसही नाही. विषाणू जितका बदलत गेला तितकी ही तफावत वाढत गेली. शेवटी शेवटी तर शंभर जणांना टोचून चाळीस जणांनाही उपयोग होईना.

मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेने रक्ताच्या थेंबावरून माणसाची ही सगळी आठवण वाचणारं यंत्र काढलं. कोणत्या वर्षी कोणता व्हेरिएंट अंगात येऊन गेला, कोणती लस बसली, कोणती विरली, सगळं दिसायचं. ती आठवण बघून तिच्यावर नेमका बसेल असा बूस्टर बनवायचा. त्याला जुळणीचा डोस म्हणत. एकेका माणसासाठी बनवणं परवडणारं नव्हतं, म्हणून ज्यांची आठवण सारखी अशा दहा जणांमागे एक व्हायल. गंमत म्हणजे ही आठवण रक्ताच्या नात्याने सारखी होत नाही, एका हवेत राहिल्याने होते. माझी जुळणी आरोग्य केंद्रातल्या लोकांशी झाली. सख्ख्या बहिणीशी माझं काही जुळलं नाही. अक्काचं जुळलं रुक्सानाशी, हौसाकाकूशी आणि शेडमधल्या बाकीच्या आठ जणींशी.

त्रेचाळीस साली आलेल्या व्हेरिएंटला लोक 'चोरटा' म्हणत. पहिले चार दिवस ताप नाही, खोकला नाही, काही नाही. पाचव्या दिवशी एकदम श्वास लागायचा. कर्नाटकातून तो मिरजेपर्यंत आल्याची बातमी आली त्याच दिवशी शेडची यादी माझ्या टॅबवर आली. प्रत्येक नावापुढे परिणामकारकतेचा अंदाज होता. रुक्साना एक्याण्णव टक्के. हौसाकाकू चौसष्ट. अक्का बासष्ट. व्हायल दहाची, बायका अकरा, म्हणून सगळ्यांत कमी आकड्याचं नाव खाली राखाडी रंगात टाकलं होतं. दोन टक्क्यांनी माझी अक्का यादीबाहेर गेली. पुढची व्हायल मागवली तरी सहा आठवडे लागणार होते. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर नुपूर खोत यांना मी फोन केला. पोरगी अठ्ठावीस वर्षांची, पण हुशार.

"मॅडम, एक नाव वाढवून मिळेल का?"

"नाही हो सिस्टर. व्हायल बनून आलीसुद्धा. त्यांना म्हणावं घरात बसा, मास्क लावा."

घरात बसा! पत्र्याची एक खोली, नळ चौकात, संडास सहा घरांत एक. मी फोन ठेवला आणि शेडवर गेले.

बायका जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून बसल्या होत्या. मी यादी वाचली. अक्काचं नाव आलं नाही तेव्हा सगळ्यांचे हात थांबले.

"शालनचं न्हाई?" हौसाकाकूने विचारलं.

"नाही, काकू. दहाच बसतात."

"मग माझं काढ आन तिचं घाल. माझी लाकडं गेली म्हसनात."

"असं नाव बदलता येत नाही."

अक्का भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "कशाला गोंधळ घालताय गं? माझा खोकला कुनाला ठावं न्हाई? औषधाचा उपेग व्हईल त्यास्नी द्यावं. मला नको हाय."

"तू गप," रुक्साना म्हणाली. "सिस्टर, चहाचं आमी काय करतो ते बघितलाय न्हवं? किटलीत चहा दहाचा येतो. अकराव्या कपाला कधी नाय म्हटलं काय कुनी? सगळ्यांचा घोट घोट कमी करायचा. तसं करा की."

सगळ्या जणी हसून माना डोलवायला लागल्या. ती कल्पना रुक्सानाने बोलून दाखवली, पण यादी बघितल्या क्षणी ती माझ्या डोक्यात आली होती, हे मी इथे कबूल करते. रुक्सानावर ढकलून मोकळं व्हायचा मोह मला पुष्कळदा झाला आहे.

"माला, नको," अक्का म्हणाली. "कागदावर दहा लिवलंय तर दहाच दे."

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराही जणी उपकेंद्रात आल्या. व्हायलसोबत दहा सिरिंज आल्या होत्या, अर्ध्या मिलीवर आपोआप अडकणाऱ्या. त्या मी ट्रेमध्ये तशाच ठेवल्या आणि कपाटातून साध्या एक मिलीच्या अकरा काढल्या. पूर्वीसारखं जास्तीचं औषध या व्हायलमध्ये नव्हतं. जेमतेम पाच मिली आणि वर थोडं. मी हिशेब केला. प्रत्येकीला सिरिंजवरच्या तीन बारीक रेघा कमी. तीन रेघा म्हणजे एक थेंबसुद्धा नाही. जुळणीच्या डोसाचं ट्रेनिंग आम्हाला टॅबवर झालं होतं. 'अर्ध्या मिलीपेक्षा कमी डोस कोणत्याही परिस्थितीत देऊ नये' असं लाल अक्षरांत आलं होतं आणि त्याखालचं 'समजलं' हे बटण मी दाबलं होतं. पोलिओची गडबड चालू होती, पाच ट्रेनिंगं एका दुपारी उरकली होती. शिवाय आमच्या खात्यात सगळंच लाल अक्षरांत येतं.

माझा हात अजून तसाच हलका होता. अकरा सिरिंज मी भरल्या, अकराही सारख्या. व्हायल रिकामी झाली. अक्का शेवटी बसली. दंड पुढे करताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

"दुखलं का गं?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "पन बरं केलं न्हाईस."

त्या दिवशी मी घरी जाऊन शिरा केला.

डोसानंतर चौदाव्या दिवशी मनगटावर लस लागू झाल्याची हिरवी पट्टी बांधायची आणि एकविसाव्या दिवशी रक्त तपासायचं. हा उलटा क्रम कोणत्या शहाण्याने ठरवला देव जाणे. अकरावी पट्टी मी शिल्लक पट्ट्यांमधली दिली. सोळाव्या दिवशी चिंचमळ्यात चोरटा आला. तीन दिवसांत शाळेचे पाचही वर्ग आजाऱ्यांनी भरले. त्यांना पाणी पाजायला, कूस बदलायला माणसं हवी होती आणि पट्टी नसलेल्यांना आत सोडत नव्हते. घरचे लोक फाटकाबाहेर रडत उभे. हौसाकाकूने शेडला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि म्हणाली, "आपल्याला काय हुतंय आता? चला गं." अकरा जणी शाळेत शिरल्या. तोंडाचं फडकं काढून ठेवलं, कारण फडक्यातून बोललेलं म्हाताऱ्यांना ऐकू येत नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला. फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या लोकांना मी सांगत होते, बघा, आमच्या शेडच्या बायका.

एकविसाव्या दिवशी मी वर्गाच्या खिडकीतून प्रत्येकीच्या बोटाचा थेंब घेतला आणि आरोग्य केंद्रातल्या यंत्रावर लावला. पहिला थेंब रुक्सानाचा. आकडा यायला हवा होता नव्वदच्या आसपास. आला चार. दुसरीचा तीन. तिसरीचा काहीच नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी स्वतःचं बोट टोचलं. माझा आकडा आला ब्याऐंशी. यंत्र ठणठणीत होतं. मग मी उरलेले आठ थेंब एकामागून एक लावले आणि अक्काच्या आकड्याकडे बघत उभी राहिले. शून्य.

डॉक्टर नुपूर आल्या. त्यांनी पडदा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "दहाच्या व्हायलमध्ये अकरा सँपल कशी?"

मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या.

"तीन रेघा फक्त, मॅडम," मी म्हणाले. "थोडा कमी डोस तर थोडा कमी परिणाम, एवढंच ना?"

"तसं नसतं ते, सिस्टर." आवाज चढला नाही, हेच जास्त लागलं. "शरीराला रोज हजार गोष्टी भेटतात. धूळ, परागकण, तुमच्या शेडमधला बेदाण्याचा भुसा. त्या सगळ्यांशी ते लढत बसत नाही. थोड्या प्रमाणात काही आलं की ते म्हणतं, हे आपल्यातलंच दिसतंय, असू दे. ठराविक मात्रेच्या वर गेलं तरच ते शत्रू म्हणून ओळखतं. ती रेषा अर्ध्या मिलीवर आहे. जास्तीत जास्त लोकांना पुरावं म्हणून पुण्याच्या लोकांनी डोस कमी करत करत त्या रेषेवर आणून ठेवलाय. तुमचा अकरावा, बारावा, विसावा, सगळे डोस त्यांनी तिकडेच काढून घेतले होते. व्हायलमध्ये वाचवण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं."

"मग आता पुन्हा पूर्ण डोस दिला तर?"

"आता त्या शरीरांनी या विषाणूला आपला मानलंय. वर्षभर तरी ते मत बदलत नाही. लस घेतली नसती तर निदान थोडी लढली असती. आता तेवढंही लढणार नाहीत."

"अकराही जणी?"

"अकराही."

त्यांनी रिपोर्ट लिहायला घेतला. मला लिहावं लागेल, म्हणाल्या. मी म्हटलं, लिहा. मग मी शाळेत गेले. ते दीड किलोमीटर मी कशी चालले मला आठवत नाही. फाटकापाशी कोणीतरी रामराम केला, त्याला मी उत्तरही दिलं असेन.

अक्का दुसरीच्या वर्गात एका म्हातारीला चमच्याने पेज भरवत होती. मी खिडकीशी जाऊन हाक मारली. ती आली, पदराला हात पुसत. किती दिवसांनी तिचा चेहरा असा टवटवीत दिसत होता.

"अक्का, तोंडाला फडकं बांध. आधी बांध."

"का गं?"

मी सांगितलं. तिला कळेल अशा शब्दांत सांगितलं, आणि तिला ते एका झटक्यात कळलं.

"म्हंजे लागूच पडलं न्हाई?"

"नाही."

"कुनाकुनाला?"

"सगळ्यांना."

मागे वर्गात कोणीतरी खोकत होतं.

"माझं नाव घातलंस म्हनून?"

खोटं बोलता आलं असतं. व्हायल खराब होती, वाटेत गरम झाली, काहीही सांगता आलं असतं. पण या बाईसमोर मी लहानपणी साखर चोरल्याचंसुद्धा लपवू शकले नव्हते. मी मान हलवली.

"आन मला वगळलं असतंस तर?"

"दहा जणींना नीट लागली असती, अक्का."

"मी नको म्हनले हुते."

"हो."

"दोनदा म्हनले हुते."

मला वाटलं ती रडेल, मला शिव्या देईल. मला शिव्या हव्या होत्या. ती म्हणाली, "त्यास्नी तू सांगायचं न्हाई. मी सांगनार." आणि आत गेली. मी खिडकीचे गज धरून उभी राहिले. व्हरांड्यातून ती एकेका वर्गात जाताना दिसत होती. प्रत्येक वर्गातून एक एक बाई दारात यायची, अक्काचं ऐकायची आणि मग माझ्याकडे बघायची. रुक्साना बघत राहिली. हौसाकाकू हातात पळी घेऊन आली होती. ऐकून झाल्यावर तिने मागे वळून खाटांच्या रांगेकडे बघितलं. साडेबारा झाले होते, आजाऱ्यांच्या जेवणाची वेळ. "आता भाईर जाऊन पोराबाळांस्नी ह्यो रोग द्यायचा का?" असं काहीतरी ती म्हणाली आणि आत जाऊन वाढायला लागली. बाकीच्याही एकेक करून गेल्या. बाहेर कोणीच आली नाही.

पुढचं लांबवून सांगण्यासारखं काही नाही. पाचव्या दिवशी रुक्सानाला श्वास लागला, सहाव्या दिवशी हौसाकाकूला. त्यानंतर मी मोजायचं बंद केलं, पण मोजायला माझी गरज नव्हती, नावं फाटकावर लिहून लावत होते. अक्काला मोठ्या दवाखान्यात हलवलं. तेरा दिवस ती ऑक्सिजनवर होती. तोवर मला कामावरून काढलं होतं, त्यामुळे वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायला मी मोकळी होते. तिथे बसून मी रोज देवाला सांगत होते, कोणाला न्यायचं ते ने, माझी अक्का ठेव. त्या बाकावर रुक्सानाची सूनही बसायची, काकूचा मुलगाही बसायचा. त्यांच्या शेजारी बसून मी हे मागत होते.

अठ्ठावन्न वर्षांची, अर्ध्या छातीची, सगळ्यांत कमी आकड्याची अक्का चौदाव्या दिवशी उठून बसली. डॉक्टर नुपूर म्हणाल्या, याला शास्त्रात उत्तर नाही, कधी कधी होतं असं. अकरांपैकी आठ जणी गेल्या. वाचलेल्या तिघींत ती एक.

तिला घरी आणलं त्या दिवशी मी मऊभात करून नेला. ती भिंतीला टेकून बसली होती. ताटाकडे तिने बघितलं नाही. म्हणाली, "कोन कोन गेल्या, नीट सांग. दवाखान्यात कुनी सांगत नव्हतं." मी आठही नावं सांगितली. एकेका नावानंतर ती थांबायला सांगायची, मग हाताने 'पुढं' म्हणायची. आठवं नाव झाल्यावर तिने ताट माझ्याकडे सरकवलं.

"ही माझी आठ मुडदी हायत," ती म्हणाली. "मी मागितली नव्हती. ऊठ आता. परत या दारात येऊ नको."

"अक्का, मी तुझ्यासाठीच..."

"तेच तर."

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. शेड बंद पडली, तिथे पूर्ण मशीन आलं. अक्का दिवसभर उंबऱ्यावर बसून असते. काकूच्या घरचे, रुक्सानाच्या घरचे तिच्याशी बोलतात, तीच कोणाशी बोलत नाही. मी समोरच्या रस्त्याने जाते तेव्हा ती उठून आत जाते. तिचा खोकला मात्र रस्त्यापर्यंत ऐकू येतो, त्यावरून मला कळतं की ती बरी आहे. ती अजून खूप वर्षं जगेल असं डॉक्टर म्हणतात. मला तेवढंच हवं होतं.